रात्रपाळी, एल आल्तो

परवा पट्टी काढताना
पावलाची सायीएवढी कातडी निघून आली.
म्हणून आता वर कॅमेरा टांगलाय.
हात न लावता
कपाळावरची लाली वाचतो.

सत्त्याऐंशी.
यंत्र कोकलतं.
ते सखल मुलखात शिकलेलं,
इथे चार हजार मीटरवर
एवढ्याच हवेत लोक वरातीत नाचतात
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
युलोजिया नर्स भोंगा बंद करते,
चष्मा पुसून ओठ बघते पोरीचे.
ठीक.

बासिलिया, आई, पेटीपाशी उभी.
"ह्याला लांबूनच कळतं?"
"रंगावरून."
"मलापण."

मग झरोक्यातून हात आत घालून
ती सोललेल्या पावलाशेजारी
करंगळी ठेवते.

पडद्यावर आकड्याच्या जागी दोन रेघा.
कॅमेऱ्याला तिचा हात आडवा आलाय.
युलोजिया म्हणते,
राहू दे.