रबराचा रूळ

यंत्र आलं घसरगाडीवरून, पिठाच्या पोत्यात गुंडाळून.
सुपीरियर तलावावरचा बर्फ अजून घोडे पेलत होता.
दांड्याला चिठ्ठी बांधलेली, मॅनेजरच्या अक्षरात:
कागद पुढे सरकत नाही. ताबडतोब.

मी तेव्हा चौदाचा. माझं काम
स्क्रू सुटतील त्या क्रमानं बशीत मांडायचे
आणि यालमारी किव्हेलाला कॉफी द्यायची.
तो माणसांशी कमी बोलायचा,
यंत्राचं मात्र कान देऊन ऐकायचा.

त्यानं दांडा ओढला.
आधी आकड्यांच्या पट्ट्या उठल्या, मग हातोड्या,
आणि सगळ्यांच्या मागून, उशिरा आलेल्या पोरासारखं,
एक बारीक टिक्.
खिटीनं दातेरी चाक एक दात ढकललं होतं.
"ओळ बदलली," तो म्हणाला.
कागद जागच्या जागी.

मग रूळ. रबर म्हातारं झालं की दगड होतं,
कागदाला धरत नाही, नुसतं खालून फिरतं.
त्यानं नख दाबलं. नख रुतलं.
स्प्रिंगा शाबूत. दाबरूळ चकचकीत.
कॅरेज डावीकडून उजवीकडे, रकान्यातून रकान्यात जाऊन
नेमकं थांबत होतं,
संध्याकाळी गुरं आपापल्या दाव्यापाशी थांबतात तसं.

शेवटी त्यानं सोबत आलेली पट्टी खिडकीशी धरली.
हातभर कोरी. मध्ये एकच ओळ,
कागद फाटायला आलेली, काळी.
आठाच्या पोटात तीन, तिनाच्या पाठीवर नऊ,
वर अजून काही, त्याच्यावर अजून.
लाल बेरीजही त्याच गर्दीत कुठेतरी चिरडलेली.

ऑक्टोबरपासून खाण बंद होती. संप.
दुकान उधार देत होतं: पीठ, रॉकेल, खारवलेला हेरिंग,
आणि एकदा, मला आठवतं, पोरांचे बूट, माझेही.
चिठ्ठ्या रात्री यंत्रावर चढवायच्या आणि शेगडीत टाकायच्या.
पट्टी उरते, म्हणून चालायचं.

यंत्रावर लेम्पी राउतिओ बसायची.

कॅरेजच्या उजव्या टोकाला बोटाएवढी कळ असते,
वाकडा कागद सरळ करायचा तर ती उचलायची.
उचलली की दाबरूळ सुटतात, कागद सैल होतो.
दुरुस्ती करणारा तिथे सगळ्यात शेवटी बघतो,
कारण ती मोडत नाही.
ती कुणीतरी उचलावी लागते.

यालमारीनं कळ खाली केली. दांडा ओढला.
कागद एक ओळ वर आला, आज्ञाधारक, पांढरा.
तो बराच वेळ त्या कोऱ्या ओळीकडे बघत बसला.
कॉफी निवली. मी दुसरी आणायला उठलो तर
"बस," म्हणाला.

मग त्यानं तो चांगला रूळ काढला.
कपाटातला नवा बसवला, स्वतःच्या पैशाचा,
आणि बिलावर लिहिलं, सावकाश, शाळेतल्यासारखं:
रबर कडक झालं होतं. रूळ बदलला.
ह्या माणसानं बिलात कधी एक स्क्रू जास्त लावला नव्हता.

शनिवारी लेम्पी यंत्र न्यायला आली.
नखांत जांभळी शाई. बिल दोनदा वाचलं.
हातमोजे घातले, काढले, परत घातले.
"रबराचं असंच होतं," यालमारी म्हणाला,
"थंडीत बाहेर ठेवू नका."
"नाही ठेवत," ती म्हणाली.
दोघांनी मिळून ते घसरगाडीवर चढवलं.
मी दोरी धरली होती.

जुना रूळ मला मिळाला, खेळायला.
पासष्ट वर्षं झाली. माझ्या टेबलावर तो कागदांवर वजन म्हणून असतो.
काल सहज नख दाबून पाहिलं.
रुतलं नाही.
आत्ता कुठे ते बिल खरं झालं.