आठ वाजताचं पाणी

एकतीस वर्षं वडसाच्या पुलाखाली
रोज सकाळी आठला
पट्टीला टेकलेलं पाणी मी वाचलं
आणि वहीत लिहिलं.
त्या पाण्याचं पुढे काय होतं
हे विचारायची खात्यात पद्धत नव्हती.

निवृत्तीच्या पैशातून गिझर आला,
सुनेला शिलाई मशीन,
आणि ही कयाक:
भंडाऱ्याच्या बंद पडलेल्या बोट क्लबातली,
केशरी, बुडाला दोन ठिगळं.
धरणाखाली पाण्यात लोटली तेव्हा
काठावरचे पोट्टे ओरडले,
"पपई वाहून चालली रे, पपई!"

पहिल्या दिवशी खांदे गेले.
दुसऱ्या दिवशी पाणीच गेलं.
अर्धा कोस रेतीतून ओढत नेली तिला
अडेल गोऱ्ह्यासारखी.
चैतराम मारबते डोंग्यात उभा, जाळं झटकत:
"कोठी चाल्लास गा?"
"खाली."
"खाली त सारेच चालले."
मग पळसाच्या पानात गुंडाळून एक वाम दिली,
पैसे म्हणताच तोंड फिरवलं.

रात्री रेतीवर तंबू. तुराट्यांचा जाळ.
पल्याड कुणीतरी डुकरांसाठी डबा वाजवत होता,
थांबला की मला जाग यायची.
सकाळी तंबूपासून नऊ पावलांवर
वाघाचे ठसे.
पाणी प्यायला आला असेल, पिऊन गेला असेल.
घड्याळात आठ वाजले होते.
सवयीनं मी ठशात झिरपलेलं पाणी
बोटानं मोजलं:
एक पेर.

चौथ्या दिवशी माझा पूल आला.
पट्टी पाण्यातून पाहिली नव्हती कधी.
शेवाळलेली, किंचित कललेली,
बदली झालेल्या साहेबासारखी
ओळख न देणारी.
वर कठड्याशी नवा पोरगा
मोबाइलात आकडा भरत होता.
त्यानं हात केला, मीही केला.
त्याच्या त्या दिवसाच्या पाण्यावर मी बसलो होतो;
केसभर तरी चढवलंच असेल.

त्या रात्री, आरमोरीच्या अलीकडे,
भात करपला आणि मी नदीला सांगून टाकलं.
ऐक वैनगंगे,
एका दिवाळीनंतर मंडईतलं नाटक रात्रभर पाहिलं,
पहाटे नायिका मेली, मी रडलो,
आणि दुपारी एकला जागा झालो.
वहीत कालचाच आकडा टाकला,
अक्षर जरा घाईचं काढून,
खरं वाटावं म्हणून.
नागपूरला सही झाली. पुढे आलेख निघाला.
त्या आलेखात एक दिवस
तू जागीच उभी आहेस,
माझ्यामुळे.

काळोखात एक टिटवी भांडत गेली.
दुसऱ्या कुणाशी तरी.

व्याहाडच्या घाटावर गुनाबाई धुणं आपटत होत्या.
विचारलं, पुढं पाणी किती?
बाईंनी स्वतःच्याच अंगावर हात ठेवत सांगितलं:
"घोट्याइतकं. मंग मांडीइतकं.
मंग देवाइतकं."
एवढी बारीक नोंद
आमच्या खात्यात कुणी केली नसेल.

मार्कंड्यापाशी नदी उत्तरेला वळते,
घरी काही राहिल्यासारखी.
मीही वळलो. दुपारभर ऊन तोंडावरून पाठीवर गेलं
आणि चक्रवाकांची एक जोडी
मला ओंडका समजून
जवळ येऊन बसली.

अकराव्या दिवशी संगम.
वर्धेचं पाणी वेगळ्या रंगाचं,
बराच वेळ दोघी शेजारून चालतात,
सोयरिकीतल्या नव्या बायांसारख्या, न बोलता.
तिथून पुढे नाव प्राणहिता.
माझ्या वहीत त्या नावाचा रकाना नाही.

आठ वाजले. वल्हं रेतीत उभं रोवलं.
पाणी पात्यावरच्या ओरखड्यापर्यंत आलं,
मग खाली, मग परत वर.
पेन खिशात होतं.

सुनेचा फोन आला: गिझर लागत नाही,
परत कधी येताय?
म्हटलं, टेम्पो मिळाला की.