टोक खाली

पंधरा घोड्यांपर्यंत कायदा झोपलेला असतो.
सोळाव्याची टाप वाजली की जागा होतो
आणि येऊन बसतो माझ्या टेबलासमोर:
अर्ज, दोन फोटो, डॉक्टरचा दाखला.

त्या मंगळवारी त्याला घेऊन आला
ताडे लोरेन्झेन, मासहोल्मचा, वय एकाहत्तर,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली,
मयताला आल्यासारखा.
लेकानं त्याच्या शिडाच्या होडीला
वीस घोडे जुंपून दिले होते.
"बाबा, तुमच्या गुडघ्यांना आता
वाऱ्याची वाट बघवत नाही."
जुनी आठ घोड्यांची मोटर शेडमध्ये पडलेली,
पोत्याखाली.

बाकावर सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं.
मी विचारलं, शीड वर आहे आणि मोटरही चालू आहे,
तर तुम्ही कोण?
पोरं एका सुरात म्हणाली, मोटरबोट.
शीड कितीही फुगलेलं असो.
पुढच्या बाजूला काळा शंकू चढवायचा, टोक खाली,
म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळतं,
हा दिसतो वाऱ्याचा, पण वाऱ्याचा नाही.
लोरेन्झेन म्हणाला,
"असला शंकू मी केव्हाच लावायला हवा होता.
हाइके गेली त्या दिवसापासून."
पोरं हसली नाहीत. मीही पुढचा प्रश्न घेतला.

गाठींच्या वेळी दोरी त्याच्या हातात देताच
ती स्वतःच वळायला लागली.
नऊच्या नऊ गाठी, खिडकीबाहेर बघत.
नावं सांगा, म्हटलं.
"ही खांबाची. ही वासराची.
ही बापानं एका थपडेत शिकवली ती."
पुस्तकात यातलं एकही नाव नाही.
मी नऊ खुणा केल्या.

मग डॉक्टरचा दाखला उघडला.
ठिपक्यांच्या पानावर लोकांना चौऱ्याहत्तर दिसतो,
त्याला दिसली होती वाळू.
पुढच्या पानावर वाळू. त्याच्या पुढच्याही.
लाल आणि हिरवा, दोन्ही त्याच्या डोळ्यांत
कधी आलेच नव्हते,
आणि हे कळायला एकाहत्तर वर्षं लागली
आणि वीस घोडे.

"पण मग बोये कसे ओळखता?"
"सपाट डोक्याचे डावीकडे, टोकाचे उजवीकडे.
हे बंदरात येताना. जाताना उलट."
"रात्री?"
"मोजतो. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी असते,
कुणी दोनदा, कुणी तीनदा, मग थांबतो.
शेजाऱ्याचा खोकला ओळखता ना, तसं."
"आणि समोरून बोट आली तर?
तिचा लाल दिसतोय की हिरवा,
वाट कुणी द्यायची, कसं कळतं?"
त्यानं टोपी फिरवली.
"मीच देतो.
सगळ्यांना. नेहमी."

सत्तावीस वर्षं परीक्षा घेतेय मी.
या उत्तराला गुण द्यायची जागा कागदावर नव्हती.

नामंजूर, असं लिहिलं, शिक्का मारला.
दारापाशी जाऊन तो वळला.
"आठ घोड्यांना डोळे लागतात का?"
मी नियम काढून वाचला, पुन्हा वाचला.
"नाही," म्हटलं. "परवाना नाही, तर दाखला नाही."
"म्हणजे पंधरापर्यंत मी सगळं बघू शकतो."
आणि गेला.

ऑगस्टमध्ये काप्पेल्नच्या पुलाखाली रांग लागलेली,
पांढऱ्या, महागड्या, घाईतल्या बोटी,
सगळ्यांची शिडं वर, सगळ्यांच्या मोटरी गुरगुरणाऱ्या,
शंकू एकाचाही नाही.
सगळ्यांच्या खिशात परवाने. बरेचसे माझ्याच सहीचे.
सर्वांत शेवटी एक तपकिरी शीड,
मागे आठ घोड्यांचा दमेकरी आवाज
आणि पुढे दोरीला डब्याच्या पत्र्याचा
घरी कापलेला, घरी रंगवलेला शंकू,
टोक खाली.
जवळ आल्यावर पाहिलं,
काळा म्हणून फासलेला रंग
गडद हिरवा होता.

मधेच एक पोरगी आपली टीचभर होडी घेऊन आडवी आली,
तिला कुठला नियम ठाऊक असणार.
तो बाजूला सरला.
टोपीला हात लावला.

ते वीस घोडे आता शेडमध्ये असतील,
त्याच पोत्याखाली.