पडायचं कुठे

निहारने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडलाय,
कढीच्या पातेल्याला टेकवून.
चार गावं, नऊ रकाने.
गोंडोला आहे का, हीटरचे पैसे वेगळे का,
नवशिक्यांचा उतार किती लांब,
आणि सगळ्यात शेवटी, माझ्यासाठी म्हणून,
‘नाश्त्याला पोहे’.

गुलमर्ग महाग पडतं.
औली लांब पडतं.
सोलंगला फेब्रुवारीशिवाय काही पडतच नाही.
नारकंडा त्यातल्या त्यात बरं पडतं,
पण तिथला उतार, केतकी म्हणते, तळजाईएवढाच,
त्यासाठी दोन विमानं कशाला?

मी वाढते आहे.
एकतीस वर्षं सिमला ऑफिसात काढली मी.
म्हणजे शिवाजीनगरलाच, वेधशाळेत.
सिमल्याहून कचेरी इथे आली तेव्हा
थंडी तिकडेच राहिली, नाव तेवढं आलं
आणि बसस्टॉपला चिकटलं.
रोज सकाळी ही सगळी गावं माझ्या टेबलावर यायची,
नुसते आकडे होऊन.
उणे अकरा पूर्णांक दोन.
मी तपासायची, सही करायची,
आणि संध्याकाळी मंडईतून मटार घेऊन घरी.

एकदा, साल आठवत नाही, जानेवारी होता,
एका ठाण्याची नोंद तीन दिवस आलीच नाही.
चौथ्या दिवशी आली. शेऱ्याच्या जागी
कुणीतरी हिंदीत लिहिलेलं:
मोजपट्टी बर्फाखाली गेली आहे,
अंदाजाने लिहितो, माफी असावी. ठाकुर.
नियमाप्रमाणे अंदाज खोडायचा असतो.
मी नाही खोडला.
त्या महिन्याच्या सरासरीत
ठाकुरांची माफी अजून मिसळलेली आहे.

खरं तर बर्फ म्हणजे मला
रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळलेला,
भुसा चिकटलेला.
आभाळातून येतो त्यालाही आपण तेच म्हणतो,
वेगळ्या शब्दाची गरजच पडली नाही.

“औलीच करू,” निहार म्हणतो, “ऑफर आहे.”
खाली जोशीमठात घरांच्या भिंतींना तडे गेलेत,
मी म्हणते.
“आपण वर राहणार, आई.”
यावर कुणी काही बोललं नाही.
पापड मोडल्याचा आवाज तेवढा झाला.

मग केतकीने एक व्हिडिओ लावला.
लाल जाकिटातला एक पोरगा शिकवत होता.
पहिल्या दिवशी घसरायला शिकवत नाहीत म्हणे,
पडायला शिकवतात.
कुशीवर पडायचं, काठ्या सोडून द्यायच्या,
गुडघे जवळ घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे
पडणार हे कळलं की सावरायला जायचं नाही.
मी दोनदा लावायला सांगितला.
मोरीत पाय घसरून मनगट मोडलं तेव्हापासून
सगळे मला एवढंच सांगतात: जपा.
पैसे घेऊन पड म्हणणारा
हा पहिलाच.

“पाचवं गाव टाक,” मी निहारला म्हटलं.
नाव?
नाव आठवेना. ठाण्याचा नंबर पाठ होता,
बेचाळीसपासून सुरू होणारा.
त्याने शोधलं बिचाऱ्याने.
एक विश्रामगृह, एक शाळा, सफरचंदाच्या बागा.
“इथे कुणी स्की नाही करत, आई.”
उतार आहे का?
“उतार… सगळा उतारच आहे.”
पोह्यांच्या रकान्यात त्याने प्रश्नचिन्ह टाकलं.

रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले.
पेपरात होतं, पाषाणला आज आठ अंश.
पायात केतकीने आणलेले लोकरी मोजे,
खाली तिनेच हट्टाने बसवलेली गुळगुळीत फरशी.
चपलांच्या कपाटाला पाठ लावून
थोडी वाकले, गुडघे जवळ घेतले,
आणि सोडलं.

फ्रिजपर्यंत नाही पोचले.
टेबलाच्या अलीकडेच
कुशीवर, अगदी सांगितल्याप्रमाणे.
आतून ह्यांची हाक आली: काय पडलं गं?
काही नाही, म्हटलं,
आणि तशीच पडून राहिले थोडा वेळ,
फरशी किती थंड आहे
ते अंदाजाने मोजत.