गेडामकाकांचं घड्याळ

आमचा क्लब म्हणजे अकरा जर्स्या,
त्यातल्या नऊच एका रंगाच्या.
मोतीबागेतले फिटर, दोन पेंटर, एक पोस्टमन,
आणि गोलमध्ये हिरामण गेडाम.
मैदानात उतरण्याआधी
मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे:
"सांभाळ बे, रातपाळी हाये."

ते माझ्या कोपरापर्यंत चढायचं.
पट्ट्याला ग्रीसचा वास, घामाचा वास.
लीग काय, गट कुठला, मला ठाऊक नव्हतं;
ज्याचं घड्याळ माझ्याकडे, तो क्लब माझा.

कामठीच्या पोट्ट्यांनी त्या दिवशी दोन चढवले.
लाइनीवर लिंबाच्या फोडी सुकत पडलेल्या.
आमचा एक झाला,
तोही त्यांच्याच बॅकच्या गुडघ्यावरून.
पाच मिनिटं उरली होती.
मी पाठमोरा झालो,
चावी ओढली
आणि काटा मागे फिरवला,
पुरता अर्धा तास.

शिट्टी वाजलीच.
काकांनी घड्याळ चढवलं, पाहिलं.
"लय टाइम हाये अजून," म्हणाले,
आणि टपरीवर बसले निवांत.
मलाही चहा. बशीत.

त्या रात्रीची त्यांची अर्धी पाळी कापली गेली,
हे बाबांच्या तोंडून कळलं.
पुढच्या रविवारी मी
पाण्याच्या टाकीमागे लपलो.
त्यांनी बरोबर हुडकून काढलं,
हातमोजा दातांनी ओढत
दुसऱ्या हाताने घड्याळ पुढे धरलं:
"आज आपन जितत असलो,
त पुढं कर."