रकाना अकरा

एम वॉर्डाच्या कचेरीतून निघालो तेव्हा पिशवीत
फॉर्म, शिक्का आणि एक तापमापक;
तो खात्याचा नाही, मुलीच्या प्रयोगपेटीतला.

अर्ज स्नेहवर्धन सोसायटीचा, चेंबूर:
गच्चीवर सौर बंब बसवला आहे,
तरी मालमत्ता करात सवलत मिळावी, ही विनंती.
जोडपत्रं सहा. फोटो एक,
त्यात सेक्रेटरी खारकर पॅनेलवर हात ठेवून उभे,
आहेरात आलेल्या फ्रीजशेजारी उभं राहावं तसे.

गच्चीला कुलूप.
"किल्ली गंगारामच्या बायकोकडे," खारकर म्हणाले.
ती आली सात मजले चढून, लिफ्ट असताना.
हात ओले.

काचेच्या नळ्या एकशेवीस. मी मोजल्या.
दोन फुटलेल्या, त्या धरल्या नाहीत.
तोटीखाली तापमापक: चौसष्ट.
खारकरांनी टाळी तेवढी वाजवली नाही.
"तळमजल्याला कोमटच येतं,"
मिसेस फुर्टाडो जिन्यातून ओरडल्या, "तेही लिहा!"
त्याला फॉर्मवर रकाना नाही.

रकाना अकरा: देखभाल कोण करतं?
खारकरांनी कंपनीचं नाव सांगितलं, फोन नंबरासकट.
ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली.

पण काचांवर धूळ नव्हती.
रिफायनरीच्या वाऱ्याखाली, ऐन मार्चात,
बोट फिरवलं तर बोट कोरं.
कठड्यावर एक फडकं वाळत होतं,
मधोमध विरलेलं, पलीकडचं दिसेल इतकं.
"रोज?"
"कावळे बसत्यात ना, साहेब."

उतरताना पंपाची खोली लागली. त्यांचं घर.
स्टोव्हवर पातेलं, पोराच्या आंघोळीचं.
गरम पाण्याचा पाइप दारावरूनच जातो,
भोवती जाड पट्टी गुंडाळलेली,
ऊब वाटेत सांडू नये म्हणून.

हिशेब केला: घरटी वर्षाला
तीनशे बारा रुपये, घरं अठ्ठावीस.
पंपाची खोली करपात्र नाही,
म्हणजे सवलतपात्रही नाही. नियम सरळ आहे.

मी तिचं नाव विचारलं.
सांगायला तिला जरा वेळ लागला,
जिन्यात ठेवलेली वस्तू आठवावी तसा.
हौसा. हौसा गंगाराम डोळस.
अकराव्या रकान्यात लिहिलं, शिक्का मारला.

फाइल परत आलीय. वर चिठ्ठी:
'देखभाल करणारी संस्था हवी. व्यक्ती चालणार नाही.
दुरुस्त करून पाठवावे.'

खोडरबर टेबलावर आहे.
पेनाने लिहिलंय म्हणतो मी, पेनाने.
खारकरांचा रोज फोन येतो.