फुली

अमळनेरहून एसटी सुटली तेव्हा नऊ वाजलेले
आणि पुढच्या सीटचा दांडा आत्ताच चटका देत होता.
कंडक्टरनं विचारलं, मलकनेर? जुनं की नवं?
दोन वर्षांपूर्वी मी तिथं अठरा दिवस होतो,
तेव्हा एकच होतं.
म्हणालो, बस थांबते ते द्या.

तेव्हा माझ्याकडे रंगाचे तीन डबे होते.
हिरवा : राहा.
पिवळा : जपून राहा.
लालचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही.
भिंतीला ओळंबा लावायचा, भेगेत पट्टी घालायची,
आकडा रजिस्टरात, फुली दाराशेजारी.
दिवसाला साठ घरं.
माणसं मागं उभी राहून ब्रशकडे बघायची,
कुठल्या डब्यात बुडतो ते.
लाल डबा तिसऱ्या दिवशीच संपला,
शिरपूरहून दुसरा मागवला.

आता वेशीभोवती बांबूंचा पिंजरा आहे.
कमानीचे दगड खाली रांगेनं मांडलेत,
एकेकावर खडूनं नंबर.
सदतीस आहे, एकोणचाळीस आहे.
अडतीस दोन वर्षं शोधताहेत.
एक पोरगा त्यांच्यावरून उड्या मारत मोजत होता,
चुकला की पुन्हा पहिल्या दगडावर.

नदीकडचा विटांचा घुमट मात्र उभा आहे,
आत कोण झोपलंय ते गावात नीट कुणालाच ठाऊक नाही.
माझ्या रजिस्टरात त्यालाही लाल होती.
मी खालून गेलो.
त्यानं ओळख दाखवली नाही.

हमीद मण्याराचं दुकान पत्र्याच्या खोलीत आलंय.
त्या रात्री सगळा माल फुटला,
एक डझन हिरव्या बांगड्या सोडून.
गिऱ्हाइकानं त्या मागितल्या
की म्हणतो, ते माप तुमचं नाही.

नवी घरं गुलाबी, स्लॅबची,
साच्यातून काढल्यासारखी.
पांढरी माती घालायला नको, गळायची भीती नको,
तरी माणसं म्हणतात, धाब्यावर झोपायला जातो.
धाबं गेलं, शब्द अजून वर अंथरूण टाकतो.
बारा वाजेपर्यंत स्लॅब भाजतो, मग खाटा रस्त्यावर उतरतात.

पाचव्या गल्लीत एका बाईनं हटकलं :
"आमना घरले फुली मारनारा तुम्हीच ना?"
हो म्हणालो.
वाटलं, आता ऐकावं लागणार.
तिनं माठातलं पाणी दिलं. नाव केवळाबाई.
मागच्या पडवीत पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती,
गॅस आहे, पण भरीत गॅसवर होत नाही म्हणाली,
आणि चुलीमागची भिंत दाखवली.

सगळीकडे गिलावा, मधे हातभर जागा उघडी.
तिथं जुना काळा दगड,
दगडावर माझी फुली,
वरचा फटकारा जरा लांबलेला, ब्रश जड झाल्यासारखा.
सुपडू मिस्तरी म्हणाला होता, उलटा बसवू, दिसणार नाही.
ही म्हणाली, सुलटाच बसव.
कशासाठी, विचारलं.
"बठा घरं सारखाच शेतस, भाऊ.
आपलं कोन्तं, वळखाले काही पाहिजे ना."

तो फटकारा मी ओळखला.
ते सतराव्या दिवसाचं शेवटचं घर.
अंधार पडत होता, ओळंब्याची दोरी गुंतली होती,
आणि जीप हॉर्न देत होती.
रजिस्टरात त्या घरापुढं आकडा नाही.
असता तर पिवळा निघाला असता का,
ते आता फक्त त्या भिंतीला माहीत,
आणि भिंत यंत्रानं ट्रॉलीत भरून नेली.

वांगं उलटवता उलटवता तिनं विचारलं,
किती वाकली होती हो आमची भिंत?

तीन इंच, मी म्हणालो.

तिनं मान हलवली.
आतल्या पोरीला हाक मारून सांगितलं, तीन इंच,
जन्मलेल्या लेकराचं वजन सांगावं तसं.
मग मला भरीत वाढलं, कळण्याची भाकरी वाढली.
मी दोन भाकरी खाल्ल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेवर
अंगठ्यानं आणि तर्जनीनं तीन इंच धरून पाहिले.
केवढंसं अंतर.
त्यातून पूल गेला, वाळूतली तापी गेली,
केळीच्या बागा कितीतरी वेळ जात राहिल्या.